जेवढं काम, तेवढा रूळ

आमच्या शेजारी आबांच्या घरात रेल्वे होती. धुळ्याच्या देवपुरात आमची आणि त्यांची मधली भिंत एकच. दुपारी चारला त्यांच्या वरच्या खोलीतून गाडी सुटली की आमच्या वरच्या खोलीत, पत्रकांच्या गठ्ठ्यांमागून, बारीक घरघर ऐकू यायची. लहानपणी मला वाटायचं, आबा शिवणकाम करतात.

आबा तरुणपणी आखातातल्या एका देशात रेल्वेचे रूळ टाकायला गेले होते. शिरपूरकडच्या एका खेड्यातून निघालेला माणूस वाळवंटातल्या गँगमध्ये लागला, पुढे मुकादम झाला आणि बऱ्याच वर्षांनी परत आला. त्या काळी तिकडून परतणारे लोक सोनं, ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर आणायचे. आबांनी एक पत्र्याची ट्रंक आणली. गल्ली जमली, ट्रंक उघडली, आणि आतून दोन अगदी सारखी इंजिनं, बोटाएवढे डबे आणि वीत-वीत लांबीचे रूळ निघाले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, ट्रंकेच्या तळापर्यंत हात घालून पाहिलं म्हणे. "बठ्ठं हाईच शे?" सगळं हेच का, एवढंच विचारून त्या चहा ठेवायला गेल्या. अक्का आता नाहीत, पण हा प्रसंग गल्लीत अजून सांगितला जातो, आणि सांगणारा प्रत्येक जण त्या वेळी तिथे हजर असतो.

आमच्या घरात रेल्वे नव्हती, पत्रकं होती. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आणि उरलेल्या वेळात चळवळीत. पाणीप्रश्नाचं पत्रक, बसभाड्याचं पत्रक, दुसऱ्या एका पत्रकातल्या चुकीच्या विधानांचा समाचार घेणारं पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरूनच. बाकीची पोरं कमळ आणि गवत वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. सात वर्षांची असताना मी वाढदिवसाच्या मागण्या क्रमांक घालून वडिलांना सादर केल्या. बाबांनी त्या गंभीरपणे वाचल्या आणि खाली लिहून दिलं, 'मागण्या तत्त्वतः मान्य.' सायकल मला दहावीत मिळाली.

अशा घरात वाढल्यावर शेजारचा माणूस दुपारी खेळण्यातल्या गाड्या पळवतो, ही गोष्ट मला सहन होणं शक्यच नव्हतं. त्यातून आमच्या जिल्ह्याचं रेल्वेशी असलेलं नातं नाजूक. डोंगरापलीकडे जाणारी एक गाडी आम्हाला माझ्या जन्माच्या आधीपासून कबूल आहे. निवडणूक जवळ आली की तिचं सर्वेक्षण होतं, निवडणूक झाली की सर्वेक्षणाचे दगड शेतकऱ्यांच्या उपयोगी पडतात. कॉलेजात असताना मी या विषयावर पत्रक काढलं. त्यात एक परिच्छेद आबांवर होता. नाव घेतलं नव्हतं, पण 'आमच्याच गल्लीतील एक सुखवस्तू निवृत्त गृहस्थ' म्हटल्यावर कुणाला शोधत बसायची गरज नव्हती. जनता एसटीच्या दारात लोंबकळत असताना हे गृहस्थ बंद खोलीत खोट्या गाड्या पळवतात, हे वैचारिक दारिद्र्याचं लक्षण आहे, असं मी ठणकावून लिहिलं होतं. आणि तत्त्वाला धरून, पहिली प्रत त्यांच्या हातात नेऊन दिली.

आबांनी ओट्यावर बसून पत्रक पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचलं. मग अंगठा आणि बोटाच्या मध्ये कागद चोळून पाहिला.

"कागद चांगला शे," ते म्हणाले. "आखो शेत का?"

"आणखी कशाला हवेत तुम्हाला?"

"सातपुडा बनाडनं शे."

त्यांना डोंगर करायला रद्दी हवी होती. मी एवढी अवाक झाले की खरंच घरून दोन गठ्ठे आणून दिले. ते उचलून जिना चढताना आबा वळून म्हणाले, "आते वर ये. लिखनं शे ते देखीसन लिख."

पाहून लिहावं, ही सूचना आमच्या घरात तोवर कुणी केली नव्हती.

वरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या टाकलेल्या. दार उघडलं की फळीखालून रांगत जायचं आणि मधल्या भोकातून डोकं वर काढायचं, की आपण एकदम तापीच्या खोऱ्यात. एका टोकाला स्टेशन, चहाची टपरी, टपरीवर पेपर वाचणारा माणूस. तिथून रूळ निघत होते. खाली तापीची चाळून घेतलेली वाळू, बाजूला स्पंजला हिरवा रंग देऊन केलेल्या केळीच्या बागा. कापसाच्या शेतात खरा कापूस, शेंगदाण्याएवढ्या बायका तो वेचताहेत. गाडी या सगळ्यातून डौलात जायची आणि एका बाभळीच्या नाल्यापाशी थांबायची. तिथे रूळ संपत होते. रुळांच्या टोकाशी दोन लाकडी ठोकळे आणि त्यावर बाटलीच्या झाकणाला लाल रंग देऊन केलेली तबकडी.

नाल्याच्या पुढे नुसता मातीचा भराव होता. भरावापुढे खडूचे तुकडे रोवलेले, ते सर्वेक्षणाचे दगड. त्यापलीकडे डोंगर उभा राहायचा होता.

"या दगडाला शेळी का बांधली आहे?" मी विचारलं.

"तठे बांधेल शे."

मग कळलं. आबा दर वर्षी दिवाळीनंतर एसटीनं त्या बाजूला जात. उतरून चालत. रूळ कुठवर आले, भराव कुठवर आला, दगड कुठे आहेत, कुठे नाहीत, कुठल्या दगडावर कुणी धुणं धुतं, सगळं वहीत उतरवून आणत. खरं काम पुढे सरकलं असेल, तेवढाच रूळ ते फळीवर टाकत. रुळांचा एक कोरा खोका त्यांच्याकडे भरलेला होता. डोंगरापलीकडे जाऊन परत येता येईल एवढा माल. पण खोका उघडायचा तो काम झाल्यावरच. मधली काही वर्षं त्याची दोरीसुद्धा सुटली नव्हती.

"तुम्ही पुढे टाकून मोकळे का होत नाही?" मी म्हणाले. "तुमचीच तर फळी आहे."

"जठे रूळ नही, तठे गाडी नही," आबा म्हणाले आणि इंजिन उलटं फिरवून स्टेशनकडे पाठवलं.

मी घरी आले आणि पत्रकाची उरलेली प्रत काढून तो परिच्छेद पुन्हा वाचला. शैली चांगली होती. बाकी काही खरं नव्हतं.

त्यानंतर मी जात राहिले. सातपुडा उभा राहिला. आबा माझी पत्रकं फाडून खळीत भिजवत आणि जाळीवर थापत. रंग द्यायच्या आधी डोंगराच्या अंगावर माझी वाक्यं वाचता यायची. एका कड्यावर '...च्या बेजबाबदार धोरणा', एका घळीत 'तीव्र आंदोल'. इतकी वर्षं लिहून मी पहिल्यांदाच काहीतरी उभं केलं होतं.

परदेशाबद्दल आबा फारसं बोलत नसत. वाळू, वारा, भात, यापुढे गाडी जायची नाही. एकदा मात्र चहा घेताना मी विचारलं, "तुम्ही टाकलेल्या लाइनीवर पहिली गाडी सुटली तेव्हा काय वाटलं?" तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली.

उद्घाटनाचा दिवस ठरला होता आणि लाइनीत एक तुकडा राहिला होता. वाळू सरकल्यामुळे भराव खचला होता. तो होईपर्यंत थांबणं पाहुण्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून असं ठरलं की गाडी पाहुण्यांना घेऊन सुटेल, स्टेशनावरच्या लोकांना दिसेल, वाळूच्या टेकाडाआड जाईल, तिथे थांबेल, आत खजूर आणि कॉफी वाटली जाईल, आणि गाडी मागे येईल. स्टेशनावरच्यांना वाटेल पुढे जाऊन आली. गँगच्या लोकांना त्या दिवशी तंबूतून बाहेर पडायला मनाई होती, कारण त्यांचे कपडे समारंभाला शोभणारे नव्हते. फक्त एक माणूस बाहेर हवा होता. टेकाडाआड, रूळ संपतात तिथे, लाल झेंडी घेऊन उभा राहायला.

"तो मी," आबा म्हणाले.

"मग?"

"साहेब म्हणाला, उभा ऱ्हाय पन वाकीसन ऱ्हाय. फोटोत येशी."

त्यांनी वाकून दाखवलं. गुडघ्यात दुमडलेला, हात वर, हातात चहाचा चमचा.

"बठ्ठा मंत्री त्या गाडीमा व्हतात. पुढे हिरवी झेंडी, बाजा, टाळ्या. आणि मन्हा एक फडक्यावर गाडी थांबनी." ते थोडं हसले. "आतल्या एकालाही ठाऊक नव्हतं का थांबली."

तुकडा पुरा व्हायच्या आधीच त्यांच्या गँगचा करार संपला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. आपण टाकलेल्या रुळावरून गाडी पार गेलेली त्यांनी कधी पाहिली नाही. तिथल्या सिग्नलच्या गोऱ्या इंजिनियरनं निघताना त्यांना त्या लाइनीवरच्या इंजिनाचं छोटं मॉडेल दिलं. बाजारात तसंच दुसरं दिसलं, तेही आबांनी घेतलं. "एक बिघडनं ते दुसरं," असा त्यांचा हिशेब. इंजिन काही बिघडलं नाही.

मागच्या वर्षी आबांच्या मुलानं घर विकायचं ठरवलं. मुलगा पुण्यात, फ्लॅट दोन खोल्यांचा, आबांचे हात कापायला लागलेले, जिना चढवेना. मुलाचं काही चुकत होतं असं मला म्हणता येईना, आणि न म्हणायची मला सवय नव्हती, त्यामुळे तो महिना फार जड गेला. आबा पुण्याला जाणार हे नक्की होतं. प्रश्न फळीचा होता. तिला एक अख्खी खोली लागत होती. आबांनी ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. शेवटी मुलानं भंगारवाला बोलावला. त्यानं टेपनं फळ्या मोजल्या, सातपुड्याला बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "ये कागज का है क्या? इसका कुछ नहीं आएगा."

त्याच आठवड्यात सचिव आले.

आमच्या भागातल्या पुढाऱ्याला सगळे 'भाऊ' म्हणतात. भाऊंचा वाढदिवस हा आमच्याकडे एक ऋतू आहे. रक्तदान, चष्मेवाटप, वह्यावाटप, आणि चौकाचौकात भाऊ फोनवर बोलत असलेले फ्लेक्स. भाऊ कुणाशी बोलतात ते फ्लेक्सवरून कळत नाही, पण काम होईल असं वाटतं. त्या वर्षी वाढदिवस समितीनं 'स्वप्नपूर्ती' नावाचं प्रदर्शन ठरवलं होतं. समितीचे सचिव पांढऱ्या बुटांनी जिना चढून आले, फळीखालून रांगले नाहीत, दारातूनच मोबाइलवर शूटिंग केलं.

"आबा, भाऊंना तुमचा छंद फार आवडला."

"कव्हय देखं त्यासनी?"

"आता पाठवतो ना व्हिडिओ."

सचिवांचं म्हणणं सरळ होतं. रेल्वे प्रदर्शनात मध्यभागी ठेवायची. भाऊ हिरवी झेंडी दाखवणार. गाडी डोंगरात शिरणार, पलीकडून बाहेर येणार, टाळ्या. बदल्यात भाऊंच्या संस्थेच्या शाळेत एक खोली कायमची रेल्वेला. वर पंखा, दाराला कुलूप, पोरं पाहायला येतील.

आबांच्या तोंडावर काय झालं ते मी पाहिलं. त्यांनी फळीच्या कडेवर हात ठेवला, एखाद्याच्या खांद्यावर ठेवावा तसा. मग म्हणाले, "डोंगरापावत रूळ नही शेत."

"टाका ना. तो काय, खोका भरलाय."

"काम व्हयनं नही ना पन."

"अहो आबा, मॉडेल आहे हे."

"मॉडेल शे म्हनीसनच."

सचिव माझ्याकडे वळले. ताई शिकलेल्या आहेत, ताई समजावतील. मग त्यांची नजर कपाटातल्या दुसऱ्या इंजिनाकडे गेली आणि त्यांना साक्षात्कार झाला. बोगदा खणायची गरजच नाही. एक इंजिन अलीकडून डोंगरात जाईल आणि थांबेल, दुसरं तसंच पलीकडून बाहेर येईल. मधलं काही टाकायलाच नको. "म्हणजे आबा, तुमच्या तत्त्वाप्रमाणे मधे रूळ नाही, तर नाही. हो का नाही?" एवढी सोयीची तत्त्वनिष्ठा मी फक्त आमच्या चळवळीतल्या एका फुटलेल्या गटात पाहिली होती.

फ्लेक्सवरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सचिवांना ठणकावलं की 'नियोजित रेल्वे' असंच लिहिलं जाईल, नुसतं 'रेल्वे' नाही. त्यांनी नकार दिला. मी दीड तास भांडले. ग्राहक, जनता, सत्य, इतिहास, सगळं काढलं. शेवटी ते दमले आणि 'नियोजित' शब्द बारीक टाइपात मान्य झाला. मी विजयानं घरी आले. जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि रूळ?"

"रूळ टाकायचे ठरले."

बाबा भात कालवत राहिले. एसटीत काम केलेल्या माणसाला न बोलता ब्रेक दाबता येतो.

खरं म्हणजे आबा अजून तयार नव्हते. त्यांना तयार मी केलं. ते मी इथे लिहिलं नाही तर या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी वर जाऊन मी त्यांच्याशी जे बोलले ते मी आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली त्यांचंच भाषण होतं. एका दिवसाचा प्रश्न आहे. व्यवहार पाहावा लागतो. तत्त्व ठेवायला आधी खोली तर हवी. नंतर शाळेत गेल्यावर रूळ काढून टाकू. मी हे इतक्या सफाईनं बोलले की माझंच मला नवल वाटलं.

आबांनी ऐकून घेतलं.

"तू बी?" ते म्हणाले.

मग त्यांनी खोक्याच्या दोरीची गाठ सोडली आणि खोका माझ्याकडे सरकवला. "मन्हा हात कापतस. तूच टाक."

प्रदर्शन मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशी लग्न होऊन गेलेलं, दुसऱ्या दिवशी आणखी एक होतं. भाऊंच्या फ्लेक्सच्या मागे भिंतीवर थर्माकोलची 'शुभविवाह' अक्षरं तशीच होती, त्यामुळे भाऊ जरा नवरदेवासारखे दिसत. खुर्च्यांना पांढरी कापडं आणि मागे गुलाबी गाठी. फळ्यांचे तुकडे करून आणले, जोडले. रेल्वेच्या एका बाजूला मोफत मधुमेह तपासणी, दुसऱ्या बाजूला शेततळ्याचं मॉडेल, ज्यात खरं पाणी घातल्यामुळे ते गळत होतं.

सकाळी मी रूळ टाकले. बाभळीच्या नाल्यापासचे ठोकळे आणि लाल तबकडी उचलून आबांच्या हातात दिली. भरावावरून रूळ नेले, शेळी बांधलेला खडू उपटला, डोंगराला अलीकडून आणि पलीकडून भोक पाडलं. भोक पाडताना आतून माझीच अक्षरं बाहेर आली, कोरडी, उलटी. आबा खुर्चीत बसून पाहत होते. एकदाच म्हणाले, "सांधा नीट बसाड. गाडी पडाले नको." पडायला नको, हे त्यांना खोट्या रुळावरही सहन होत नव्हतं.

ठरलं असं की आबा नेहमीच्या बटणावर बसतील आणि पहिली गाडी डोंगरात नेऊन थांबवतील. मी डोंगराच्या मागे दुसऱ्या इंजिनाच्या बटणावर. पहिली आत आली की मी दुसरी सोडायची.

भाऊ तीन तास उशिरा आले. बँड लागला. सचिव घामाघूम होऊन माझ्यापाशी आले आणि डोंगराच्या मागे टेबलाखाली बोट दाखवून म्हणाले, "ताई, जरा वाकून बसा. फोटोत येता."

मी गुडघे दुमडून खाली बसले. बसल्यावर लक्षात आलं की हे मी ऐकलेलं आहे. चहाचा चमचा हातात घेऊन वाकलेले आबा आठवले. मी डोकं तिरपं करून डोंगराच्या भोकातून पाहिलं. भोकाच्या पलीकडे, लांब, गोल उजेडात स्टेशन दिसत होतं आणि स्टेशनामागे भाऊंच्या कुर्त्याची तीन बटणं.

हिरवी झेंडी हलली. टाळ्या पडल्या. गाडी सुटली. डब्यांवर सचिवांनी भाऊंचे फोटो चिकटवले होते, त्यामुळे प्रत्येक डब्याच्या खिडकीत भाऊच बसलेले. केळीच्या बागा गेल्या, कापूस गेला. गाडी बाभळीच्या नाल्यापाशी आली आणि थांबली.

मला वाटलं सांधा चुकला. मग दिसलं, की रुळांवर मधोमध लाल तबकडी उभी आहे, ठोकळ्यांसकट. आबांनी ती कधी ठेवली ते कुणीच पाहिलं नव्हतं. इंजिनाचा दिवा लागलेला होता आणि उजेड सरळ तबकडीवर पडत होता.

टाळ्या थोडा वेळ सवयीनं चालल्या आणि विरल्या. कुणीतरी म्हणालं, "लाइट गेली का?" सचिव वाकून माझ्यापाशी आले.

"ताई, दाबा."

"पहिली आत आली नाही."

"कोण बघतंय? दुसरी सोडा. बाहेर आली म्हणजे झालं. खोली पाहिजे ना?"

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. दाबलं असतं तर गाडी बाहेर आली असती. समोरच्या लोकांना एवढंच दिसलं असतं की तिकडे थांबली आणि इकडे निघाली, आणि आमच्या जिल्ह्यात याहून विचित्र विकासाला टाळ्या पडलेल्या आहेत. खोली मिळाली असती. पंखा, कुलूप, शाळेतली पोरं. मी सगळं मोजलं. मग दुसरं इंजिन रुळावरून उचललं आणि मांडीवर ठेवलं. ते अजून गार होतं.

"ताई," सचिव म्हणाले, "तुम्ही पत्रकंच लिहा."

तिकडे आबा उठले होते. त्यांनी टेबलाखालून रुळांचा खोका काढला, त्यावर त्यांना मिळालेली सत्काराची शाल घातली, आणि तो भाऊंच्या समोर धरला. आबा चारचौघांत शुद्ध बोलत.

"भाऊ, लाइन इथपर्यंतच झालेली आहे. पुढचे रूळ मी जपून ठेवले होते. वाढदिवसाची भेट म्हणून घ्या. पुढचं तुम्ही टाका."

सभागृहात गळणाऱ्या शेततळ्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, झालं, आता एका माणसाच्या खरेपणापुढे सत्ता ओशाळली. मी मनातल्या मनात मथळासुद्धा जुळवला. पण पत्रकांवर वाढलेल्या माणसाला पुढारी कधीच पुरता कळत नाही. भाऊंनी क्षणभर खोक्याकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माइक मागवला. म्हणाले, या ज्येष्ठांनी आज माझ्या हातात केवळ रूळ दिले नाहीत, जबाबदारी दिली. आता डोंगरापलीकडे गाडी गेल्याशिवाय हा भाऊ स्वस्थ बसणार नाही. टाळ्या यावेळी खऱ्या होत्या. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो स्थानिक पानावर आला, मथळा होता 'भाऊंच्या हाती रेल्वेचे रूळ'. फोटोत आबांचा खांदा होता.

शाळेतली खोली अर्थातच मिळाली नाही. संस्थेकडून निरोप आला की तिथे संगणक कक्ष प्रस्तावित आहे. सचिवांनी मला फोन करून सांगितलं, आणि मुद्दाम विचारलं, "'प्रस्तावित' शब्द चालेल ना ताई?"

घराचा ताबा द्यायला चार दिवस उरले होते. फळ्या मंगल कार्यालयातून परत आल्या त्या आबांच्या अंगणात भिंतीला टेकवून उभ्या. भंगारवाला पुन्हा एकदा चक्कर मारून गेला. संध्याकाळी बाबा वर्कशॉपमधून आले, डबा ठेवला आणि थेट आमच्या वरच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. खोली गठ्ठ्यांनी भरलेली. पाणीप्रश्न, बसभाडं, निषेध, पुन्हा निषेध. त्यातली निम्मी पत्रकं कधी वाटलीच गेली नव्हती.

"ही खोली पुरेल का रे त्यांना?" बाबा मला कधीकधी 'रे' म्हणतात.

"पुरेल. पण पत्रकं कुठे ठेवायची?"

बाबांनी जरा विचार केला. "पत्रकं वाटायची असतात," ते म्हणाले, जणू हे आत्ताच त्यांच्या लक्षात आलं होतं.

दोन दिवस आम्ही बसस्टँडवर जुनी पत्रकं वाटली. काहींमधले प्रश्न सुटले होते, बरेचसे सुटले नव्हते, एका म्हाताऱ्यानं बसभाड्याचं पत्रक वाचून "ताजं शे का?" असं विचारलं. उरलेले गठ्ठे फळ्यांच्या खाली गेले, पायांच्या जागी, सुतळीनं घट्ट बांधून. आबांनी जिन्यावर दोनदा थांबत वर येऊन पातळी तपासली. मी पाडलेली भोकं त्यांनी माझ्याकडूनच बुजवून घेतली. खोटा रूळ मी एकेक करून काढला, शेळीचा खडू पुन्हा रोवला. काढलेले ते तुकडे खोक्यात परत टाकावेत म्हणून मी खोका शोधला आणि मग आठवलं.

"ते बी दी टाक भाऊले," आबा म्हणाले. "दिलं ते पुरं देवो."

मी ते तुकडे नेऊन दिले. पुण्याला निघताना त्यांनी माझ्या हातात वही दिली. कसं चालायचं, रूळ कुठून मोजायचा, कुठल्या वस्तीवर पाणी मिळतं. शेवटच्या पानावर माझ्यासाठी प्रमाण भाषेत लिहिलं होतं, 'जेवढं काम, तेवढा रूळ.'

या दिवाळीनंतर मी एसटीनं गेले. बाभळीचा नाला ओलांडून नवा रूळ पुढे गेला होता. फार नाही. शेळी होती तिथपर्यंतसुद्धा नाही. मी पावलं मोजली, वहीत लिहिली, नाल्याशी बसून भाकरी खाल्ली आणि घरी येऊन भागाकार केला. फळीवर एक तुकडा लागत होता. एक वीत.

तो तुकडा भाऊंच्या संपर्क कार्यालयात आहे. खोका काचेच्या कपाटात ठेवलाय, खाली पितळी पट्टी. मी गेले तेव्हा सचिव होते. म्हणाले, कपाटाची चावी भाऊंकडे, आणि भाऊ दौऱ्यावर. शिवाय एक काढला तर खोका रिकामा दिसेल.

"काम पुढे गेलंय," मी म्हणाले. "मी मोजून आले. चांगली बातमी आहे ही तुमच्यासाठी."

"मग अर्ज करा," सचिव म्हणाले.

मी अर्ज केला. उत्तर आलं नाही, तेव्हा पत्रक लिहायला बसले. आजवर माझं एकही पत्रक पाच मागण्यांपेक्षा कमी मागण्यांचं नव्हतं. या वेळी एकच मागणी आहे: रूळ, एक वीत, हाताळलेला चालेल. बाबांनी वाचलं आणि म्हणाले की मागणी मोजता येण्यासारखी आहे, ही सुधारणा आहे.

आबांना फोन करून सांगितलं. आधी ते काम पुढे सरकल्याचं पुन्हा पुन्हा विचारत राहिले, कुठवर, किती पावलं, खडी नीट टाकली आहे का, सांधे वाजतात का. मी वहीतून वाचून दाखवत होते. मग रुळाचं सांगितलं, कपाट, चावी, अर्ज.



"मग तवलोंग?" तोवर काय करायचं, हे मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तवलोंग लाल राहू दे," आबा म्हणाले. "आणि चारनी गाडी सोडत जा. थांबाले तरी जाई."

आमच्या वरच्या खोलीतून आता रोज चारला गाडी सुटते. शेजारच्या घरात नवीन लोक आले आहेत. परवा त्यांच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे शिवणकाम करतात का.